चंदगडहून पोहोचलेली ऑर्डर

कोल्हापूर,
फेब्रुवारी २००९

प्रिय उदयसिंह,

तुझ्या बाळासो मामांचा निरोप मिळाला. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी बाकीचं ऐकून घे. त्या दिवशी ट्रस्टच्या हॉलमधून तू मागच्या दारानं निघून गेलास आणि माझं बोलणं अर्धं राहिलं. पत्राला मागचं दार नसतं. रागानं फाडलंस तरी तुझा स्वभाव मला माहीत आहे, तुकडे जुळवून वाचशील. लोक आपल्याबद्दल काय बोलतात हे कळल्याशिवाय तुला कधी घास गोड लागलेला नाही.

तुझ्या कंपनीच्या माहितीपत्रकात तुझी कारकीर्द पुण्यापासून सुरू होते. शाहूपुरीचं नावसुद्धा नाही त्यात. म्हणून मला सगळं पहिल्यापासून लिहावं लागतंय. तू विसरला असशील म्हणून नाही, तू विसरलेला नाहीस हे मी त्या दिवशी हॉलमध्येच पाहिलं. पण जे घडलं ते एकदा कुणीतरी तुला तुझ्याच नावानं सांगायला पाहिजे.

कॉलेज संपल्यावर आपण दोघं एकाच वर्षी मामांच्या कंपनीत लागलो. औषधांचा घाऊक व्यापार, शाहूपुरीत मुख्य ऑफिस, गडहिंग्लज, आजरा, चंदगडला डेपो. तू मालकांचा भाचा म्हणून लागलास. मला मामांनी घेतलं ते माझ्या वडिलांकडे, आण्णांकडे बघून. माझे आण्णा त्यांच्याकडे खोकी उतरवायला लागले होते आणि पुढं चंदगडचा डेपो सांभाळायला लागले. आमच्या वस्तीतला ऑफिसात खुर्ची मिळालेला तो पहिला माणूस. खुर्चीवर बसण्याआधी ते ती रोज स्वतः पुसायचे आणि आई त्यांना हसायची. तू एकदा घरी आलास तेव्हा आईनं हे तुला सांगितलं होतं, आणि तूही हसलास. चांगलं हसायचास तू तेव्हा. पाटावर बसून आमच्याकडचा भात आणि आमटी पुन्हा पुन्हा मागून घेतलीस आणि जाताना आण्णांच्या पाया पडलास. दिवाळी झाली की घरी आपल्याबद्दल सांगतो, असं तू मला बस स्टँडवर म्हणालास. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. असा मुलगा पाया पडतो म्हणजे शब्द पाळणारच, असं मला वाटलं.

चंदगडच्या पावसाचं तुला नवल वाटायचं. चार महिने पाऊस उसंत घेत नाही आणि टेलिफोनची लाइन त्यात मधूनमधून मरते. आण्णा फोनवर ओरडून ओरडून औषधांची नावं सांगायचे, अर्धी ऐकू यायची, अर्धी जायची, आणि कुठल्यातरी दवाखान्याला तापाच्या गोळ्यांऐवजी खोकल्याच्या बाटल्या जायच्या. म्हणून तर तो सर्व्हर आला आणि त्यावर घालायचं ते मेसेज क्यूचं, म्हणजे निरोप रांगेत धरून ठेवणारं, सॉफ्टवेअर आलं. मामांनी पुण्याच्या कुठल्यातरी कंपनीत ते पाहिलं होतं. पैसे घालायला ते तयार होते, पण पुण्याहून माणूस बोलवायला तयार नव्हते. ‘घरात दोन इंजिनिअर हायत की,’ असं म्हणाले.

ते दिवस मला अजून आठवतात आणि माझा राग त्यामुळं कमी होत नाही, वाढतो. जुन्या गोदामातली खोली आपण रिकामी केली होती. भिंतींना खोकल्याच्या औषधाचा वास होता. तू जाड पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायचास आणि मी टाइप करायची. आधी नुसतीच सीडी घालून सुरू केलं तर ते अर्ध्यात थांबलं. मग कळलं की त्याला त्याच्या नावाचा वेगळा वापरकर्ता लागतो, तो नसेल तर पुढंच सरकत नाही. तो केला. मग जागा कमी पडली. मग नोंदींसाठी वेगळी डिस्क लावली. मग क्यू तयार झाल्या, पण चंदगडकडून काही येईना. तू वैतागलास, पुस्तक आपटलंस, खाली जाऊन चहा पिऊन आलास. येताना माझ्यासाठी कागदात भजी आणलीस. आणि तू हात पुसत असतानाच पडद्यावर पहिला मेसेज उमटला. आण्णांनी तिकडून इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘आण्णा हाय’. बस्स, एवढंच. तू इतक्या जोरात ओरडलास की खालचे हमाल पळत वर आले.

आण्णांना मी ते सॉफ्टवेअर कसं समजावलं होतं, तू तिथंच होतास. मी म्हणाले, यष्टी स्टँडवर पार्सल घेणारा माणूस बसलाय असं समजा. गाडी नसली तरी तो तुमचं पार्सल घेतो, ठेवून देतो आणि गाडी आली की चढवतो. तुम्ही तिथं ताटकळायचं कारण नाही. आण्णांनी विचारलं, ‘आणि त्या माणसालाच चक्कर आली तर?’ मी म्हटलं, त्यासाठी तो घेतलेलं प्रत्येक पार्सल लिहून ठेवतो. शुद्धीवर आला की लिहिलेलं बघतो आणि पुढं कामाला लागतो. आण्णा म्हणाले, ‘मग हरकत न्हाय.’ आपल्या सर्व्हरलाही तसंच सांगितलं होतं आपण, की आलेला प्रत्येक मेसेज आधी डिस्कवर लिही. वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी चालू झाल्यावर सगळं जागच्या जागी. ते सेटिंग मी माझ्या हातानं लावलं होतं. तू शेजारी बसून ‘यस’ म्हणाला होतास.

आणि उद्घाटनाच्या सकाळी ते तू काढलंस.

मामांनी औषध कंपन्यांची माणसं बोलावली होती. फेटे, नारळ, पेढे, सगळं होतं. तुला पडद्यावर ऑर्डरी धडाधड पडताना दाखवायच्या होत्या. पण ती स्वस्तातली डिस्क प्रत्येक मेसेज लिहायला जरा वेळ घ्यायची. मी खोलीत आले तेव्हा तुझं काम आटोपत आलं होतं. मी म्हटलं, ‘असू दे की, जरा सावकाश आलं तर काय बिघडतंय?’ तू म्हणालास, ‘अगं, मामांना स्पीड दाखवायचाय. उद्या परत लावतो.’ ऑर्डरी धडाधड पडल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि सर्व्हरचा पासवर्ड त्या दिवसापासून एकट्या तुझ्याकडे राहिला. ‘मालकाच्या घरातला माणूस पाहिजे,’ असं ते म्हणाले. नंतर मी तुला विचारलं, लावलंस का परत? तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, ‘लावलं.’

मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलंय, उदयसिंह. इतकं लहान खोटं दुसरं ऐकलं नाही. एकच शब्द होता.

मग रोप लावणीचे दिवस आले. तिकडं त्या दिवसांत माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात आणि सापाचं इंजेक्शन नाही असा दवाखाना चालतच नाही. आमच्या गावच्या डॉक्टरांनी साठा संपत आला म्हणून डेपोत सांगितलं. डेपोतलाही संपला होता. आण्णांनी शाहूपुरीला ऑर्डर टाकली, लाइन लागली, पडद्यावर ‘पोहोचली’ असं आलं. तसं आलं की मागं लागायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्याच दुपारी शाहूपुरीत वीज गेली. बॅटरीनं मान टाकली आणि सर्व्हर बसला. बिलं करणारी माणसं जेवायला गेली होती, आलेल्या ऑर्डरी अजून कुणी उचललेल्या नव्हत्या. वीज आली, तू सर्व्हर चालू केलास. क्यू रिकामी होती. ती रिकामी का, हे त्या इमारतीत एका माणसाला कळलं असणार. त्या माणसानं एक फोन करायला हवा होता. ‘आण्णा, दुपारी काही पाठवलं असेल तर परत पाठवा.’ एवढं बोलायला किती वेळ लागतो?

तू ते केलं नाहीस, कारण फोन केला असता तर मामांनी विचारलं असतं, का करतोस.

बनाबाईला घोणस चावली ती त्यानंतर. सयाजीची बायको. आमच्या वस्तीपासून जरा वर त्यांचं शेत. लावण लावताना पायाला काही टोचलं म्हणाली, आणि बघितलं तर सूज गुडघ्यापर्यंत. सयाजीनं तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कपाट उघडलं, बंद केलं आणि डेपोत माणूस पळवला. आण्णा म्हणाले, अजून माल आला नाही, पण ऑर्डर पोहोचलीय, आजच्या यष्टीला असणार. ते स्वतः पावसात स्टँडवर जाऊन उभे राहिले. यष्टी आली. पार्सल नव्हतं. बनाबाईला जीपमध्ये घालून बेळगावकडं नेलं आणि ती रस्त्यातच गेली. धाकटी पोरगी अजून अंगावर पीत होती.

हे सगळं तुला कधी कुणी सविस्तर सांगितलं नसेल. विचारायला तू आला नाहीस.

गावात आण्णांबद्दलची बातमी एका वाक्यात फिरली. कांबळ्यानं औषध मागवलंच न्हाय. पुढं त्याला फाटे फुटले. विसरला, झोपला होता, पोरगी कोल्हापुरात शिकून नोकरीला लागल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. आणि काही जणांनी जे दर वेळी म्हणतात ते म्हटलं, की खुर्चीवर बसवलं म्हणून काय ह्या लोकांना काम जमतंय होय. सयाजी मात्र तसलं काही बोलला नाही. तो आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, ‘आण्णा, खरं सांग. पाठवलंतंस न्हवं?’ आण्णा म्हणाले, ‘व्हय.’ सयाजी म्हणाला, ‘मग गेलं कुठं?’ सयाजी उठून गेला तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. वाटेत दिसला तर मान वळवायचा.

उत्तर माझ्याकडे होतं. मी ते घेऊन थेट मामांच्या केबिनमध्ये गेले. तू तिथंच होतास, खिडकीशी. मी सांगितलं, उदयनं उद्घाटनाला सेटिंग काढलं होतं, म्हणून वीज गेल्यावर ऑर्डर पुसली गेली. मामांनी तुझ्याकडे बघितलं. तू शांतपणे म्हणालास, ‘इन्स्टॉलेशन रूपालीनंच केलंय. सेटिंग तिचं. आणि आत्ता बघा पाहिजे तर, लावलेलंच आहे.’ आपण तिघं त्या खोलीत गेलो आणि तू दाखवलंस. लावलेलं होतं. केव्हा लावलंस? बनाबाई गेल्याचं कळल्यावर लावलंस ना? मग मामा मला म्हणाले, ‘बापाचं पांघरूण घालायला आलीस व्हय? समजतंय मला. पण हितं नको.’ आणि तू, आमच्या घरी पाटावर बसलेला तू, म्हणालास, ‘वडील आहेत म्हणून बोलते ती, मामा. तिचं मनावर घेऊ नका.’

माझी बाजू घेतल्याच्या सुरात बोललास. तुझी सगळ्यात मोठी करामत तीच होती. नुसतं खोटं बोलला असतास तर मी कदाचित विसरले असते. तू माझी कीव केलीस.

आण्णांना घरी बसवलं. मला दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. दिवाळी झाली, तुझ्या घरी तू काय सांगितलंस कुणास ठाऊक, पण पुढच्या वर्षी तुझं लग्न राजनंदिनीशी झालं आणि तू पुण्याला गेलास. शाहूपुरीत मला कुणी दारात उभं करेना. माझ्या आधी माझी कथा पोहोचलेली असायची. शेवटी शिरोली एमआयडीसीत ओतकामाच्या एका फौंड्रीत लागले, मालाची आवकजावक मशीनवर चढवायला. कीबोर्डवर काळी वाळू साचायची, फुंकर मारून टाइप करायचं. मी तिथं वाईट दिवस काढले असं तुला वाटायला नको. मालक सरळ माणूस होता. मी त्याच्याकडे नोकरी करत पुढच्या परीक्षा दिल्या, सर्व्हर शिकले, तेच सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा बसवलं, काढलं, मोडलं, जोडलं. ते किती तऱ्हांनी मेसेज हरवू शकतं हे मला आता पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे. दर वेळी तो एक शब्द माझ्या कानात असायचा. लावलं.

आण्णा घरात बसले ते बसलेच. गावात लग्न असलं की आईला एकटीला पाठवायचे. काजूच्या झाडांना पाणी घालायचे आणि कुणी रस्त्यानं आलं की झाडाआड जायचे. मी ते पाहिलंय. आपला बाप झाडाआड लपताना पाहणं काय असतं ते तुला कळायचं नाही. कळावं अशी माझी फार इच्छा होती. देवधर्म आमच्या घरात नाही, नाहीतर मी तुझ्यासाठी काहीतरी नवस बोलले असते.

दोन वर्षांपूर्वी मी ह्या ट्रस्टमध्ये सर्व्हरचं काम बघायला आले. जिल्हाभर त्यांचे दवाखाने आहेत, चंदगड तालुक्यातही. सगळ्या दवाखान्यांच्या औषधांच्या ऑर्डरी एका सर्व्हरवर आणायच्या ठरल्या, निविदा निघाली आणि आलेल्या नावांत तुझ्या कंपनीचं नाव दिसलं. मला तुला तिथंच अडवता आलं असतं. मी अडवलं नाही. तुझा दर बरा होता, तुझी माणसं हुशार होती आणि मला तू कोल्हापुरात हवा होतास. काम तुला मिळालं आणि त्यानंतर तुझ्या टीमला तपासणीचे सगळे प्रश्न आर. एस. कांबळे या नावानं गेले. तूही उत्तरं दिलीस, ‘डिअर मिस्टर कांबळे’ म्हणून. एकदाही तुला शंका आली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात कांबळे काय थोडे आहेत!

नवा सर्व्हर सगळ्यांना दाखवायचा कार्यक्रम ट्रस्टच्या हॉलमध्ये होता, त्या दिवशी खुर्च्या मी मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत बाळासो मामा, कारण ट्रस्टला औषधं तेही पुरवतात. तिसऱ्या रांगेच्या ह्या टोकाला आण्णा, त्या टोकाला सयाजी. गाडी मी पाठवली होती. सयाजीला निरोप दिला की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल, आणि तो आला. मी मागं खांबाजवळ बसले. प्रश्न ट्रस्टचे अध्यक्ष डॉक्टर विचारणार होते. ते मी त्यांना आधीच समजावून दिले होते. त्यांना त्यामागचं काही माहीत नव्हतं. चांगला प्रश्न आहे, एवढंच ते म्हणाले.

तू छान दिसत होतास. थोडा सुटलायस. चंदगडच्या दवाखान्यातून ऑर्डर आली, पडद्यावर उमटली, आणि डॉक्टर म्हणाले, आता सर्व्हरची वीज काढा. तुझी टीम जरा चपापली, पण तू हसून स्वतः प्लग ओढलास. पडदा काळा झाला. पुन्हा लावलास, थोडा वेळ गेला, आणि ऑर्डर जागच्या जागी होती. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग डॉक्टरांनी विचारलं, ‘समजा हे लिहून ठेवण्याचं सेटिंग तुम्ही लावलं नसतं, तर काय झालं असतं?’

तुला असं कुणी काही विचारलं की तू खुलतोस. माझा सगळा भरवसा त्यावरच होता. तू माइक जवळ घेतलास आणि म्हणालास, ‘तर ऑर्डर पुसली गेली असती, सर. मजा म्हणजे पाठवणाऱ्याला ती पोहोचली असंच दिसलं असतं. त्याचा काहीच दोष नाही, तो निवांत बसणार. आणि इकडे काहीच नाही.’ डॉक्टर म्हणाले, ‘मग असं कुणी करतं का?’ आणि तू म्हणालास, ‘स्पीड दाखवायला करतात काही जण. पण ते बेजबाबदारपणाचं आहे. औषधांच्या बाबतीत तर गुन्हाच म्हटला पाहिजे.’

तेव्हा मी उभी राहिले. मी म्हटलं, ‘दोन हजार दोनच्या पावसाळ्यात, शाहूपुरीत, हे कुणी केलं होतं ते सांगा.’

तू मला ओळखलंस तो क्षण मी पाहिला. मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. आणि मामा मूर्ख नाहीत, त्यांना तिथल्या तिथं कळलं. तू म्हणालास, ‘ही त्याची वेळ नाही.’ एवढ्यावर तू सुटला असतास. पण सयाजी उठला. मी त्याला उठायला सांगितलं नव्हतं, हे तुला शपथेवर सांगते. तो म्हणाला, ‘पावणं, मी बनाबाईचा मालक. मला यातलं काय कळत न्हाय. एवढंच परत एकदा सांगा. पाठवणाऱ्याचा दोष नसतोय म्हणालासा न्हवं?’ सगळा हॉल तुझ्याकडे बघत होता. माइक तुझ्या हातातच होता, त्यामुळे तू हळू बोललास तरी सगळ्यांना ऐकू आलं. ‘नसतो.’

सयाजी ती अख्खी रांग ओलांडून आला आणि आण्णांच्या शेजारी बसला. आण्णांचा हात घेऊन त्यानं आपल्या मांडीवर ठेवला. तुला हे माहीत नाही, कारण तोवर तू मागच्या दारापाशी होतास.

मला काय वाटलं ते लिहिते. आनंद झाला. फार आनंद झाला. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. मला काही पोकळ वाटलं नाही. मी घरी येऊन पोटभर जेवले. तुझा तो पांढरा पडलेला चेहरा मी अजून रोज एकदा आठवते आणि कामाला लागते. तुझं काम मी दुसऱ्याच दिवशी मंजूर केलं, कारण ते चांगलं होतं. त्यातही मी कपट केलं नाही. तू चुकशील म्हणून मी सापळा लावला नव्हता. तू बरोबर करशील म्हणूनच लावला होता. बरोबर काय ते तुला पहिल्यापासून माहीत होतं, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

आण्णांना मात्र आनंद झाला नाही. परतताना गाडीत म्हणाले, ‘लई केलंस पोरी. भर सभेत नको हुतं.’ मी म्हटलं, तुम्हाला भर गावात केलं ते? ते म्हणाले, ‘म्हणून तर म्हणतोय. कसं लागतंय ते मला ठाऊक हाय.’ गावात आता माणसं येऊन बसतात त्यांच्याकडे. सयाजीची ती धाकटी, आता शाळेत जाते, तिनं परवा त्यांना पुरणपोळी आणून दिली. सगळं ठीक आहे. आणि गेल्या आठवड्यात ते मला म्हणाले, ‘त्या पोराला लिही, माझ्या मनात काय न्हाय म्हणावं. आमच्यात जेवलेला पोरगा हाय.’ मी मुद्दाम उशीर केला. इतक्या सहज तुला ते मिळावं असं मला वाटत नव्हतं. पण त्यांचा निरोप आहे आणि तो पोहोचवणं माझं काम आहे. आण्णांच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. माझ्या मनात आहे आणि राहील.

आता मामांच्या निरोपाचं उत्तर. ते सांगत होते की सांगली, बेळगावकडच्या दवाखान्यांची कामं तुला मिळण्यासारखी आहेत, पण त्या लोकांच्या कानावर हॉलमधली गोष्ट गेलीय, आणि ट्रस्टतर्फे मी तुझ्या कामाबद्दल दोन वाक्यं लिहून दिली तर सगळं सुरळीत होईल. ‘झालं गेलं, पोरी,’ असंही म्हणाले. म्हणून हे पत्र लिहायला बसले. नाहीतर तुला लिहायचं मला कारण नव्हतं. दोन वाक्यं देते की. त्या लोकांचे फोन यायला सुरुवातही झालीय, आणि प्रत्येकाला मी हीच दोन सांगते, पुढेही सांगेन, तू ज्या ज्या गावात काम मागायला जाशील तिथल्या माणसाला सांगेन. ह्या माणसानं बसवलेल्या सर्व्हरवर वीज गेली तरी एकही ऑर्डर हरवत नाही. आणि हे तो चंदगडच्या बनाबाईच्या जिवावर शिकलाय. वाक्यं जोडीनंच मिळतील. पहिलं पाहिजे असेल तर दुसरंही घ्यावं लागेल.

आण्णांचीच,
रूपाली